जवस कायच्या संगं?

"जवस कायच्या संगं खाल्ला?"

पांढुर्ण्याच्या सरकारी दवाखान्यातले आमचे कंपाउंडर हे विचारायचे आणि उत्तराची वाट न पाहता तुमच्या ताटातली चटणी चिमटीत घेऊन चोळायचे. बोटांना अख्खा दाणा लागला की तुमचे जेवण संपलेच म्हणून समजा.

"हा तं आला तसाच जाते, मास्तर. कुटल्याबिगर जवस खाणं म्हणजे खिशात घालून फिरणं."

असा एखादा छांदिष्ट तुमच्याही गावात असेल. आम्ही त्यांची मनसोक्त थट्टा केली. वनस्पती तुपाचे डबे तेव्हा नवेच घरोघरी येऊ लागले होते आणि सरकीच्या तेलात तळलेले खाऊ घालणे मोठेपणाचे झाले होते. कंपाउंडर मात्र कपाळाला आठ्या घालत. "पोटात कारागीर एकच हाय," ते म्हणत. "तेच्यापुढं सरकीच्या तेलाचा ढीग टाकला तं तो तेच करत बसते. जवसाचं काम पडून रायते." हे त्यांनी कुण्या डॉक्टरकडून ऐकले होते की खलबत्त्याशी बसून स्वतःच जुळवले होते, मला माहीत नाही.

त्यांना एकच मुलगी. नागपूरला दिलेली. तिला दिवस गेले, पण बाळंतपणाला माहेरी आणावे तर घरात बाईमाणूस नव्हते; बायको केव्हाच गेली होती. म्हणून त्यांनी नागपूरला बदली मागितली. ती होतच आली होती, तेवढ्यात राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो आणि त्यांचा अर्ज परत आला.

"आता पोरगी परराज्यात रायते," ते म्हणाले. त्यावरही आम्ही हसलो.

मग त्यांनी जवसाची पुरचुंडी बांधली. कुटलेला जवस लवकर खवट होतो, म्हणून अख्खाच. सोबतच्या चिठ्ठीसाठी माझ्याकडे आले, कारण त्यांचे अक्षर दवाखान्याबाहेर कोणाला लागत नसे. "लिहा मास्तर. रोज ताजा कुटून द्या. ज्वारीच्या भाकरीसंगं. वनस्पती तुपात नोको, सरकीचं तेल कमी."

मी मराठीचा मास्तर. व्याह्यांना त्यांच्याच स्वयंपाकघराचे धडे देणे मला बरे दिसेना. मी लिहिले, "सोबत जवस पाठवीत आहे. चि. सौ. कन्येस रोज मूठभर द्यावा, ही विनंती." नेटके आणि अदबीचे. त्यांना वाचून दाखवले नाही.

मुलगी बाळंतपणात गेली. मूलही राहिले नाही. डॉक्टरांनी सांगितले, रक्तस्राव थांबला नाही; जवसाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मीही हे स्वतःला पुष्कळदा सांगितले आहे.

दिवसकार्याला मी त्यांच्यासोबत नागपूरला गेलो. विहीणबाई रडत म्हणाल्या, "तुम्ही लिहिलं तसा रोज मूठभर देत होतो हो. अख्खाच. चांगले वनस्पती तुपातले लाडू करून."

परतताना गाडीत कंपाउंडर म्हणाले, "कुटून म्हणायचं माह्याच तोंडून रायलं असन, नाही मास्तर?"

मी खिडकीबाहेर पाहत म्हणालो, "असेल."

त्यानंतर ते कोणाला काही विचारेनासे झाले. दोन वर्षांनी सौंसरला एका लग्नाच्या पंगतीत आम्ही शेजारी बसलो. वनस्पती तुपातल्या पुऱ्या आणि डावीकडे जवसाची चटणी. सवयीने त्यांची चिमटी चटणीकडे गेली. त्यांनी ती चोळली. बोटांवर अख्खे दाणे होते, मलाही दिसले. पंगतीतले जुने लोक हसायला तयार होऊन बसले.

त्यांनी ते दाणे तोंडात टाकले. वाढणारा म्हणाला, "अजून देऊ, काका?"

"दे," ते म्हणाले.

त्याच थंडीत ते गेले. चिठ्ठीचे मी त्यांना सांगितले नाही.