धुरातली बकरी

पौषातलं धुकं डोंगरावरून अजून उतरलं नव्हतं. कातकरवाडीची रंभा सकाळपासून सरपणाची फाटी तोडत होती, पण तिचं चित्त बकरीपाशी होतं. वीटभट्टीवर सबंध हंगाम राबून घेतलेली तिची एकुलती एक बकरी कालपासून गायब होती, आणि तीही गाभण.

कारवीमागच्या कातळात गुहेचं तोंड होतं. तिथं तिला ताज्या लेंड्या दिसल्या. त्या गुहेत वाडीतलं कुणी कधी शिरलं नव्हतं.

"आत तरस असंल," तिच्या हाकेसरशी धावत आलेला नवरा आनंदा म्हणाला. उंदराच्या बिळाला देतात तसा त्यानं ओला पाला पेटवून धूर दिला. आत असेल ते पळत बाहेर येईल, असा त्याचा हिशेब. बाहेर काहीच आलं नाही. मग खोलवरून पिलाचं बारीक ओरडणं ऐकू आलं.

"आरं, व्यालीय ती. पिलू टाकून कशी येल? इजव ती आग," रंभा ओरडली.

तोंडाला पदर बांधून रंभा पोटावर सरपटत आत शिरली. कातळ पाठीला घासत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ओरडणं आता थांबलं होतं. ती अंधारात हात फिरवत, बकरीला हाका मारत राहिली. कितीतरी वेळानं तिच्या बोटांना ऊन, खरखरीत जीभ लागली.

पिलाला पोटाशी धरून ती बाहेर आली. मागून बकरी आली.

"तरस नव्हतं ना?" आनंदानं विचारलं.

"व्हतं की. भायेर बसलं व्हतं."

पिलू त्याच्या मांडीवर देऊन ती खोकत खोकत अर्धी राहिलेली मोळी बांधायला लागली.