कागदावरचा हिमालय

आमचा माळवा लाटून ठेवलेल्या पोळीसारखा सपाट. तरी माझ्या आईला उज्जैनमध्येच हिमालय भेटला, आणि तो काढला होता खुद्द आमच्या वडिलांनी.

मध्यभारत मोडून नवा मध्यप्रदेश व्हायचा होता. वडील रस्ते खात्यात ओव्हरसियर, त्यांची बदली भोपाळला होणार हे ठरल्यात जमा होतं. आईने जाहीर केलं, "उज्जैन सोडायच्या आत मी पंचक्रोशी करणार." म्हणजे भर वैशाखात गावाभोवती पाच दिवसांची पायी परिक्रमा. तिचे गुडघे कुरकुरायचे. वडिलांना तिची काळजी वाटत होती, पण तसं सरळ सांगतील तर ते आमचे वडील कसले! त्यांनी खात्याच्या पद्धतीने त्या वाटेचा उभा छेद काढला, आडवं अंतर आणि उभी उंची, आणि भिंतीवर लावून म्हणाले, "बघ. जमेल का हे?"

बघतो तर काय, सुळकेच सुळके! शेजारच्या बाई मुद्दाम पाहायला आल्या नि कपाळाला हात लावून म्हणाल्या, "बाई साहब, ये तो बद्रीनाथ से भी ऊँचा है!"

वडील मनातल्या मनात खूश. आईने मात्र पदर खोचला आणि गच्चीचा जिना चढायला-उतरायला सुरुवात केली, सकाळ-संध्याकाळ. काठी आली, गूळ-शेंगदाणे बांधले गेले. शेजारच्या बाईंनी वैशाखात स्वेटर आणून दिला. वडिलांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

निघताना पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वराकडून बळ मागून घ्यायचं, आणि परत आल्यावर मातीचा घोडा वाहून ते त्याचं त्याला परत करायचं, अशी रीत आहे. आई बळ घेऊन गेली. वडिलांना तेवढे दिवस घास गोड लागला नाही. विचारलं की माझ्या खिचडीला नावं ठेवायचे.

आई परतली ती घोडा वाहूनच. नाक उन्हाने सोललेलं, आवाज खणखणीत. तिने दारातच वडिलांना धरलं.

"अहो, चढाई कुठे होती? प्रत्येक पडावावर विचारलं, भैया, पहाड कब आएगा? सगळे हसले मला!"

"खात्यात उंची दहापट करूनच काढतात," वडील पुटपुटले. "नाहीतर कागदावर दिसतच नाही."

"आणि ऊन? ते का नाही काढलं? तळपाय भाजून निघाले माझे!"

वडिलांनी परातीत गार पाणी आणलं आणि तिचे पाय त्यात ठेवले. मला हसूही आलं आणि बरंही वाटलं.

भोपाळला घर मिळालं ते खऱ्याखुऱ्या टेकडीवर. पहिल्याच बाजारच्या दिवशी आई भाजीची पिशवी घेऊन तरातरा वर पोचली. वडील अर्ध्या वाटेत एका दगडावर धापा टाकत बसले होते.

"अगं," त्यांनी खालून ओरडून विचारलं, "नागचंद्रेश्वराचं बळ परत केलं होतंस ना?"

"केलं की," आई म्हणाली. "हे तुमच्या हिमालयाचं आहे. उठा आता."