माझ्या आधीचा नंबर

नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं. काश्मीरमधल्या आमच्या पोस्टवर 0600 ला पीटी, 0730 ला नाश्ता, 0830 ला ब्रीफिंग. त्या ब्रीफिंगमध्येच कळलं, की कंपनीला नवे कमांडर येताहेत. मेजर दशरथ भोईर. बाकीचे खूश झाले. माझ्या तोंडाची चव गेली.

दशरथ आणि मी दोघंही भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीचे. एकाच दिवशी, एकाच रांगेत भरती झालो. त्याचा आर्मी नंबर अगदी माझ्या आधीचा. ट्रेनिंग सेंटरमध्ये नंबराप्रमाणे उभं राहायचं. त्यामुळे रायफल असो की जेवणाचं ताट, आधी त्याला, मग मला. जवानांतून अधिकारी निवडायच्या परीक्षेला आम्ही दोघं बसलो. तो पास झाला, मी इंग्रजीत गेलो. मी पलटणीत राहून एकेक पायरी चढत सुभेदार झालो. हे काही कमी नाही. पण सुट्टीवर गेलो की आई विचारायची, "दशरथ मेजर झाला म्हंतात. तुजा कवा हाय?" माझं कधीच न्हाय, हे तिला कसं सांगणार?

तो आला तेव्हा गेटवर मी सॅल्यूट ठोकला.

"कैसे हैं, तरे साब?" तो म्हणाला.

फौजेत अधिकारी सुभेदाराला साब म्हणतो. आजूबाजूला कोणी नसलं की मात्र तो मला काशीच म्हणायचा. मला दोन्हीचा राग यायचा. त्यात तो अधिकारी म्हणून चांगला होता. वाईट असता तर माझं बरंच काम सोपं झालं असतं.

आमच्या कंपनीत भिवंडीचा तिसरा माणूस होता नायक शब्बीर मुल्ला. त्याच्या घरचे चार लूम, म्हणजे यंत्रमाग. त्या खडखडाटात वाढल्यामुळे तो कायम मोठ्यानं बोलायचा. रेडिओवर त्याला 'हळू बोल' म्हणून सारखं सांगावं लागे.

एका दुपारी खबर आली, की अक्रोडाच्या बागेतल्या घरात दोन दहशतवादी आहेत. माझी पार्टी समोरून, भोईरची डावीकडून. तिसरी पार्टी मागची वाट अडवणार होती. ती जागेवर पोचेपर्यंत आम्ही नाल्याच्या अलीकडे थांबायचं होतं. 1410 ला रेडिओवर भोईरचा आवाज आला.

"अल्फा वन, रुको. नाले के आगे मत जाना. ओव्हर."

"रॉजर," मी म्हणालो.

पाचच मिनिटांत घरामागे कोणीतरी पळताना दिसलं. भोईरला रेडिओवर सांगायला हवं होतं. पण मनात आलं, की सांगितलं तर तोच पुढे जाणार. हेही त्यालाच मिळणार. मी हातानं पुढे चालण्याचा इशारा केला.

शब्बीर माझ्या उजवीकडे, चार पावलांवर होता. घराला लागून असलेल्या गोठ्याच्या खिडकीतून फायर आला आणि तो पडला. मी बांधामागे अडकलो. तेवढ्यात भोईर डावीकडून एकटा उघड्यावर धावत आला. त्यानं गोठ्यात ग्रेनेड टाकला आणि शब्बीरला ओढत भिंतीआड नेलं. 1450 पर्यंत सगळं शांत झालं. हेलिकॉप्टर यायच्या आत शब्बीर गेला.

संध्याकाळी भोईरनं मला तंबूत बोलावलं.

"रिपोर्टमध्ये मी लिहिलंय, नाला ओलांडायचा हुकूम माझा होता."

"साहेब, तसं नव्हतं."

"काशी, शब्बीर हुकमावर गेला, हेच त्याच्या घरी पोचलं पाहिजे. चुकीनं गेला, हे नाही."

वरून त्याची चौकशी झाली. शौर्याचं मेडल मिळालं, पण प्रमोशन वर्षभर लांबलं. ते ऐकून मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

पुढे भोईर कर्नल झाला, त्यानं पलटण सांभाळली, आणखी मेडलं मिळवली. मी त्याच्या आधीच रिटायर होऊन काल्हेरला एका गोडाऊनवर सिक्युरिटीचं काम बघू लागलो. माझ्याकडे एकच गोष्ट होती जी त्याच्याकडे नव्हती. शब्बीरचे वडील उस्मानचाचा दर ईदला मला घरी बोलवायचे. भोईरला त्या घराचं दार बंद होतं. त्याच्याच हुकमानं मुलगा गेला, असं चाचा धरून बसले होते. शिरखुर्मा पिताना हे मला आठवायचं आणि शिरखुर्मा जास्त गोड लागायचा.

भोईर रिटायर झाल्यावर भिवंडीत सत्कार झाला. हॉल भरलेला. मी ब्लेझर घालून दुसऱ्या रांगेत होतो. शहिदाचे वडील म्हणून चाचांना हार घालायला बोलावलं. ते स्टेजवर चढले, भोईरसमोर थांबले, आणि तसेच खाली उतरून माझ्याकडे आले.

"साहेब मोठा आदमी हाय," ते म्हणाले. "पन माझ्या पोराला पुढं ढकलला त्यानंच. तुम्ही त्याच्या बाजूला होतात. हार तुमचा."

हार माझ्या गळ्यात पडला. भोईर माझ्याकडे बघत होता. त्याची मान किंचित हलली. गप्प राहा, असंच सांगत होता. तेवढं मोठेपण त्यालाच मिळावं, हे मला सोसेना.

"चाचा, साहेबांचा हुकूम थांबायचा होता. तो मी मोडला," मी हळूच म्हणालो.

"क्या बोले?"

लूमवर जन्म काढलेल्या माणसाला हळू बोललेलं ऐकू येत नाही. मला ओरडून सांगावं लागलं. सगळ्या हॉलनं ऐकलं.

 चाचांनी माझ्या गळ्यातला हार काढला, हातात धरला आणि दाराबाहेर निघून गेले. तो हार त्यांनी शब्बीरच्या कबरीवर घातला, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आता ईदला त्या घरी भोईर जातो. त्याच्या छातीवरच्या मेडलांपेक्षा मला त्या शिरखुर्म्याच्या वाटीचा हेवा वाटतो. मी ईदच्या दिवशी दुपारी 1410 ला, थांबायचा हुकूम आला त्या वेळेला, कब्रस्तानाच्या फाटकाशी उभा राहतो. आत जात नाही. नायक शब्बीर मुल्लानं हुकूम मोडला नव्हता. मी पुढे निघालो, म्हणून तो निघाला.