पळणाऱ्या मुलीचं जेवण

आमच्या घरात दूध होतं, पण ते प्यायला नसायचं. आई पहाटे म्हशींची धार काढायची आणि किटली भरून थेट डेअरीवर जायची. मागं राहायचं ते चहापुरतं. तो अर्धा कप चहा पिऊन मी पळायला निघायचे. गाव माळेगावला लागून. कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या गाड्या सुरू व्हायच्या आत मला पळणं उरकावं लागायचं.

नववीत मी शाळेतली सगळ्यात वेगानं धावणारी मुलगी होते. खेळाचे सर बारामतीहून यायचे. माणूस वाईट नव्हता, माझ्यावर त्यांचा जीव होता. "हलकी राहा," ते म्हणायचे. "अंग जड झालं की पाय उचलत नाहीत." काय खावं हे त्यांनी कधी सांगितलं नाही. काय खाऊ नये तेवढं सांगितलं. तेलकट नको, गोड नको, भात नको. आमच्याकडं तेलकट आणि गोड सणालाच व्हायचं, त्यामुळं सोडण्यासारखा फक्त भात होता. तो मी सोडला.

आजोबा माळकरी, म्हणून अंडं घरात येणं शक्य नव्हतं. दुपारी डब्यात एक भाकरी आणि कसलंतरी कोरड्यास. शाळा सुटल्यावर पुन्हा सराव, मग म्हशींची वैरण, मग भांडी. पुरुषांची जेवणं झाली की आई आणि मी बसायचो, उरलेलं वाटून घ्यायचो. भूक फार लागायची. पण पुढं पुढं मला तिचा अभिमान वाटायला लागला. पोट खपाटीला गेलं की आपण जिंकणार असं वाटायचं. अगदीच गरगरलं तर कडेच्या फडातला ऊस मोडायचा आणि चावत घरी यायचं.

दहावीत पाळी थांबली. मी आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"बरंच हाय की. पळायला सोपं," ती म्हणाली. "येईल परत. कुणाला सांगत बसू नको."

मलाही ते सोयीचंच वाटलं.

मग डाव्या पायाची नळी दुखायला लागली. सर म्हणाले, स्नायू आखडलाय, तेल चोळ. आईनं चोळलं. तालुक्याची स्पर्धा बारामतीला होती, तशाच दुखऱ्या पायानं मी उतरले. निम्मं मैदान मी सगळ्यांच्या पुढं होते. मग पायात काहीतरी चिरत गेलं आणि मी खाली बसले. बाकीच्या मुली माझ्या बाजूनं निघून गेल्या.

डॉक्टरबाईंनी पायाचा एक्स-रे फोटो बघितला. हाडाला चीर होती. पाळीचं विचारलं, खाण्याचं विचारलं. मग वडिलांना म्हणाल्या, "ही जेवढं पळते, त्याच्या निम्मंसुद्धा खात नाही. शरीर हाडातनं काढून खातंय."

वडील म्हणाले, "बाई, आमच्यात खायला कमी न्हाय वो."

खोटं नव्हतं ते. घरात सगळं होतं, पण माझ्या पळण्याला काही लागतं हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. माझ्याही नव्हतं.

पायाला प्लास्टर घातलं आणि मी खाटेवर पडले. मग मात्र सगळे मला भरवायला लागले. डिंकाचे लाडू झाले, तूप आलं, पेला भरून दूध आलं. आत्या आली ती शेंगदाण्याची चिक्की घेऊन. पळत होते तेव्हा यातलं काही मिळालं नव्हतं, आणि आता मी हलतही नव्हते. खाण्याशिवाय करायला काही नव्हतं, म्हणून मी खात राहिले.

प्लास्टर निघालं तेव्हा अंग ओळखीचं वाटेना. पाळी आली होती. एकदा रस्त्यावर पळून बघितलं. धाप लागली, नळी ठणकली, तशीच परत आले. सर भेटायला आले नाहीत. त्यांनी दुसरी मुलगी तयार करायला घेतल्याचं कळलं.

आत्या मला न्याहाळून म्हणाली, "आता कशी अंगानं भरली. आधी नुस्ती काटकी हुती."

बारावी झाल्यावर त्याच भरलेल्या अंगाला बघायला पाहुणे येऊ लागले. इंदापूरकडचं स्थळ जमलं.

सासर चांगलं आहे. इथं पोटभर जेवते. काम घरातलंच, म्हणजे उभं राहून नाहीतर बसून. वजन वाढत गेलं तसे गुडघे बोलायला लागले. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. मी सकाळी कालव्याच्या कडेनं दोनचार दिवस चालले. वाटेवर माणसं थांबून बघायची. सासूबाईंनी एकदा सरळ विचारलं, "सकाळच्या पारी कुठं जाती गं? लोक इचारत्यात."

"चालायला जाते. डॉक्टरांनी सांगितलंय."

"घरात चाल की. कुणी नगं म्हणलंय?"

आवाजात राग नव्हता. मी घरात चालून बघितलं. स्वयंपाकघरातनं ओसरीपर्यंत, तिथनं गोठ्यापर्यंत. दोनदा झालं की काहीतरी काम दिसायचं आणि मी थांबायचे.