मामांचं बटण

“आधी द्यायचं, मंग लिवायचं,” असं म्हणत स्टोअर सांभाळणारे मामा कानामागचा खडू काढायचे आणि स्टोअरच्या दारावर काहीतरी खरडायचे. अंबडच्या त्या कारखान्यात हत्यारं, सुटे भाग, सगळं त्यांच्याच खिडकीतून मिळायचं. तो कारभार कॉम्प्युटरवर आणायचं काम माझ्याकडे आलं. माझं पहिलंच सॉफ्टवेअर, पहिलंच गिऱ्हाईक. इंदिरानगरच्या एका खोलीत वर्षभर घासून लिहिलेलं. ते फसलं असतं तर मला परत नोकरी धरावी लागली असती.

आणि पहिल्याच दिवशी फसलं. बेअरिंगचा खोका मामांच्या पुढ्यात, पण आवक नोंदवायची राहिलेली. स्क्रीन म्हणे शिल्लक शून्य, देता येणार नाही. तिकडे मशीन बंद पडलेलं. मामांनी सरळ खोका फोडून बेअरिंग दिलं आणि दारावर खडूनं लिहिलं. मी भडकले. नियम म्हणजे नियम, असं ऐकवलंसुद्धा.

“ताई, माल मला दिसतोय,” ते म्हणाले. “तुमच्या मशीनला दिसत नाय, तर चष्मा तिला लावा.”

असा राग आला होता! पण तुम्हीच सांगा, चूक कुणाची? मी सगळं शेठच्या केबिनमध्ये बसून विचारलं होतं, खिडकीशी एकदाही उभी राहिले नव्हते. मग आठवडाभर राहिले. मामा निफाडहून फडक्यात द्राक्षं बांधून आणायचे, मला खायला घालायचे आणि खाता खाता माझ्या चुका काढायचे. शेवटी मी एक बटण केलं, ‘आधी द्या, मग लिहा’. दिलेला माल लाल दिसायचा, आवक नोंदली की काळा.

महिन्याभरात एका मोठ्या कंपनीची माणसं आपलं सॉफ्टवेअर विकायला आली आणि शेठ डळमळले. माझा गाशा गुंडाळायची वेळ आली. मामा न बोलावता केबिनमध्ये शिरले आणि त्या माणसांना विचारलं, तुमच्यात नोंद नसलेला माल देता येतो का? येत नाही, ते म्हणाले.

मामा शेठकडे वळले. “मंग खिडकीत ह्यांनाच बसवा. मी ताईचंच चालवनार. तिनं माझं ऐकलंय.”

आयुष्यभराची नोकरी त्यांनी माझ्यासाठी पणाला लावली. शेठनी त्या माणसांना परत पाठवलं. माझं काम टिकलं.

गेल्या वर्षी मामा गेले. आता माझ्याकडे सहा जण आहेत. नवीन येणारा प्रत्येक जण म्हणतो, हे बटण शिस्तीत बसत नाही, काढू या. शिस्त गेली खड्ड्यात. ज्याला पटत नाही त्याला मी अंबडच्या त्या खिडकीशी आठवडाभर उभं करते.

मामांच्या हातची शेवटची नोंद अजून लाल आहे. ती मी कुणाला काळी करू देत नाही.