शाफ्टवरची खूण

लोह्याच्या नाक्यावरच्या या मिस्त्रीला गाडी चालवताना मी कधी पाहिलं नाही. आवाज शोधायचा असला की तो पिकअपच्या हौद्यात पालथा पडतो, पत्र्याला कान लावतो आणि ओरडतो, "चला." दुसऱ्यांच्या कामाला नावं ठेवल्याशिवाय त्याचा पाना फिरत नाही. "शाफ्ट खोलायच्या आधी खडूनं खूण करत न्हाईत, मग बसवताना उलटा बसवतात. मिस्त्री हायेत का कसाई?"

गेल्या आठवड्यात हळदीची पोती न्यायची म्हणून त्यानं माझ्या पिकअपला मागं स्प्रिंगचे जादा पाटे टाकले, मागची चाकं फिरवणारा शाफ्ट खोलून त्याचा झिजलेला सांधा, म्हणजे क्रॉसही बदलला. दुसऱ्याच दिवशी वेग घेतला की गाडी थरथरू लागली.

"रस्ता खराब हाय," तो म्हणाला. रस्ता नवा कोरा होता. तरी तो हौद्यात पालथा पडला, आम्ही चक्कर मारली.

परत दुकानाशी आलो, तर तो उतरेना. मी मागं जाऊन फाळका पाडला. तो पत्र्यावरच बसून होता.

"खूण करायची राहिली माझ्याकडून," तो हळू म्हणाला. "शाफ्ट उलटा बसलाय. जरा पुढं घ्या मालक, दुकानात लोकं बसलेत."

मला त्याच्याकडे बघवेना. पुढं लिंबाखाली गाडी लावली, पाने मीच आणून दिले. तो गाडीखाली शिरला, तेवढ्यात दुकानातले दोघं आलेच. काय झालं म्हणून विचारू लागले.

"काही नाही," मी म्हणालो, "रस्ताच खराब आहे."

गाडीखालचा पाना थांबला.

"रस्ता चांगला हाय," खालून आवाज आला.