सायकल तिची, हवा माझी

आमच्या घरात विजेची सायकल आली तेव्हा कामाची वाटणी पहिल्याच दिवशी ठरली. चालवायची बायकोने, बॅटरी चार्ज करायची तिनेच, आणि टायरमधली हवा बघायची मी. ती भांडुपच्या एका मराठी शाळेत शिकवते. मुलुंडच्या आमच्या इमारतीपासून शाळेच्या फाटकापर्यंत चार किलोमीटर शंभर मीटर. मी मोजले आहेत. सकाळी रिक्षावाले एवढ्याशा अंतराला मान हलवून नाही म्हणतात. बस बेभरवशाची. गुडघे तिला चालू देत नाहीत. तेव्हा सायकल तिनेच शोधली, तिनेच पसंत केली. निवृत्तीला चार वर्षं उरली आहेत आणि ती चार वर्षं तिला पुरी करायची होती. पाचवीच्या वर्गावर तिचा जीव आहे.

पहिले दोन महिने हवेकडे माझं लक्षच नव्हतं. दुकानातून भरून आली तेवढ्यावर सायकल चालत होती. तीन पंक्चर झाली, तिन्ही मागच्या चाकाची. ही सायकल साध्या दुकानात कोणी हातात घेत नाही. मागच्या चाकातच मोटर आहे म्हटल्यावर दोघांनी लांबूनच नको म्हटलं. शेवटी सर्व्हिस रोडला, पिंपळाखाली बसणारा एक पंक्चरवाला भेटला. माझ्याच वयाचा, मूळचा मालवणकडचा. त्याने चाक काढलंच नाही. टायरची एक बाजू उघडून ट्यूब बाहेर ओढली, पाण्याच्या घमेल्यात धरली आणि बुडबुडे दाखवले. शेजारी शेजारी दोन भोकं होती, साप चावल्यासारखी. खिळा नाही, काच नाही. हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या काठावर आपटलं की ट्यूब रिमखाली चिमटते, असं त्याने सांगितलं.

हे मला पटलं, कारण त्यात कारण होतं. मी प्रेशर मोजायचं मीटर आणलं, पायाने मारायचा पंप आणला आणि एक वही सुरू केली. टायरच्या बाजूवर जास्तीत जास्त पासष्ट पौंड असं छापलेलं होतं. थोडं हातचं राखून मी पन्नास ठरवले. दर रविवारी सकाळी पुढे पन्नास, मागे पन्नास. पंक्चर बंद झाली. सात आठवडे एकही नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

आठव्या आठवड्यात तिची मान धरली. आधी तिने मला सांगितलंच नाही. फळ्यावर लिहून लिहून तिची मान अधूनमधून धरते, तसंच असेल असं तिला वाटलं. मग बोटांना मुंग्या यायला लागल्या. पहिल्या तासाला खडू धरला की तो हातात आहे की नाही ते कळत नाही, असं ती म्हणाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पट्टा दिला आणि हादरे टाळायला सांगितले. आमच्या भागात हे सांगणं म्हणजे श्वास टाळा म्हणण्यासारखं आहे. नाल्यावरच्या पुलापुढे पेव्हर ब्लॉक उखडलेत, त्यापुढे खोदकामावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा, आणि त्यानंतर शाळेच्या गल्लीतले एकामागून एक गतिरोधक.

मी वही काढून दाखवली. प्रत्येक रविवारी पन्नास आणि पन्नास, चूक कुठेच नव्हती.

ती म्हणाली, "वहीची मान दुखत नाही ना."

यावर दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. मग मी हवा कमी करायला सुरुवात केली. आधी पंचेचाळीस, मग चाळीस, मग छत्तीस. अर्थात दोन्ही चाकांत सारखीच. माझ्या वहीत रकानाच एक होता. दोन चाकं एका सायकलची, एका कंपनीची, एका मापाची. त्यांना वेगळा आकडा देण्याचं काही कारण मला दिसत नव्हतं. छत्तीसला तिची मान जरा हलकी झाली आणि त्याच महिन्यात मागच्या ट्यूबला पुन्हा जोडभोकं पडली. दोन वेळा. तिसरं पंक्चर खिळ्याचं होतं, पण शाळेच्या रजिस्टरला खिळा आणि खड्डा यातला फरक कळत नाही. तिच्या शाळेत एका महिन्यात तीन उशिरा झाले की अर्ध्या दिवसाची रजा कापली जाते. तीस वर्षांच्या नोकरीत तिची अशी रजा कधी कापली गेली नव्हती.

ती कापली गेली त्या दिवशी संध्याकाळी ती स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज घेऊन आली. कोरा. फ्रिजवर ठेवला आणि वर मिठाची बरणी, पंख्याने उडू नये म्हणून. हवा जास्त असली तर मान, कमी असली तर उशीर, आणि रोज सकाळी फाटकापर्यंत यातलं कुठलं आज होणार याचा विचार करत जाणं आता तिला नको होतं. माझ्यावर ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

माझा राग पंक्चरवाल्यावर निघाला. त्याचं एक वागणं मला पहिल्यापासून खटकत होतं. मागचं चाक दुरुस्त करून झालं, की तो पुढचं चाक अंगठ्याने दाबायचा आणि न विचारता त्यातली थोडी हवा सोडून द्यायचा. मागे मात्र टणक भरायचा. मीटर नाही, काही नाही. मी घरी येऊन मागची जादा हवा सोडायचो, पुढच्या चाकात पंप मारायचो आणि आकडा पुन्हा बरोबरीला आणायचो. या महिन्यात हे लागोपाठ झालं आणि मला तो त्याचा आळशीपणा वाटायला लागला होता. या वेळी मी त्याला वही दाखवून ऐकवलं, की असल्या अंदाजपंचे कारभारामुळे एका बाईची नोकरी जायची वेळ आली आहे.

त्याने वही हातात घेतली नाही. हात काळे होते. एवढंच म्हणाला, "पुढलां चाक येगळां, मागलां येगळां. दोघांका सारखी हवा कित्याक?"

मी म्हटलं, कारण सांगा. तो म्हणाला कारण कसलं, बाई बसते कुठे ते बघा. आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या स्कूटरकडे वळला.

घरी येईपर्यंत मी धुमसत होतो. हे काय उत्तर झालं? पण हॉलमध्ये सायकल उभी केली आणि मागच्या कॅरियरवर तिची वह्यांची बॅग दिसली. पाच महिन्यांत मी टायरवरचा आकडा वाचला होता, मीटरवरचा वाचला होता, रस्ता मोजला होता. पण कुठल्या चाकावर किती वजन येतं हे मी एकदाही मोजलं नव्हतं.

बाथरूममधला वजनकाटा आणला आणि मागच्या चाकाखाली ठेवला. पुढच्या चाकाखाली तेवढ्याच जाडीच्या जुन्या वह्या लावल्या. तिला बसायला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, पिठाच्या हातानेच आली, दाराच्या चौकटीला एक बोट टेकवून सीटवर बसली आणि म्हणाली, शेजारी बघत असतील तर मला आत्ताच सांगा. मी गुडघ्यावर बसून काटा वाचला. साठ किलो. मग काटा पुढे, वह्या मागे. एकतीस किलो. ती एकसष्ट, सायकल चोवीस, बॅग सहा, बेरीज एक्याण्णव. काट्यावरच्या दोन आकड्यांची बेरीज पण एक्याण्णव. काटा बरोबर होता. चूक रकान्यात होती.

मागच्या चाकावर पुढच्याच्या जवळजवळ दुप्पट वजन, आणि मी दोघांना सारखं वागवत होतो. पन्नास भरले तेव्हा निम्म्या ओझ्याचं पुढचं चाक दगडासारखं होऊन प्रत्येक प्लेट हँडलमधून तिच्या मनगटात आणि मानेत पोचवत होतं. छत्तीस भरले तेव्हा मागचं चिमटत होतं. आणि तो माणूस पुढची हवा सोडायचा तेवढी मी इमानेइतबारे घरी येऊन परत भरायचो.

तिला हे सगळं सांगितलं. तिला वाटलं असेल तेवढं आश्चर्य तिने दाखवलं नाही. "म्हणजे तो बरोबर करत होता आणि तुम्ही उलटं फिरवत होता," ती म्हणाली. "पाच महिने?"

"तीन," मी म्हटलं. आधीचे दोन महिने मी हवेला हात लावला नव्हता. हे मी का सांगितलं देव जाणे.

आता मागे पन्नास, पुढे बत्तीस. शनिवारी तिची बॅग कॅरियरला बांधून मी स्वतः शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन आलो, जे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. माझं वजन जास्त, त्यामुळे माझं मत प्रमाण नाही. पण प्लेटांवरून जाताना हँडल थरथरलं तेवढंच. बोटांना मुंग्या आल्या नाहीत. पंक्चरवाल्याला सांगायला थांबलो. त्याने माझ्याकडे पाहिलं, अंगठ्याने पुढचं चाक दाबलं, मग मागचं, आणि काहीच केलं नाही. तीच त्याची पावती समजून मी निघालो.

या बदलाला नऊ आठवडे झाले. पंक्चर एक, खिळ्याचं, तेही रविवारी. मुंग्या गेल्या. मान अजून पूर्ण मोकळी नाही. इतके आठवडे खाल्लेले हादरे वेळ घेणार, असं डॉक्टर म्हणतात. कापलेली अर्ध्या दिवसाची रजा परत मिळत नाही, मी विचारायला लावलं होतं. अर्ज फ्रिजवरून हलला आहे पण फाडलेला नाही. कपाटात, तिच्या साड्यांखाली आहे. मान दिवाळीपर्यंत कशी राहते ते बघून ठरवेन, असं तिने सांगितलं आहे, आणि त्यावर मी काही बोलू नये असंही.

हवा आता तीच भरते. रविवारी पंप मारते, अंगठ्याने दाबते आणि चहा ठेवायला आत जाते. मग मी मीटर लावून बघतो. गेल्या रविवारी पुढे एकतीस होते, एक कमी. वहीत एकतीस लिहिले आणि पंपाला हात लावला नाही.